ठरण्याआधी विचारा: हवामान बदलाची धोरणं आणि मराठवाड्यातला सामान्य माणूस

तुमच्या महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलीमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर सरकारदरबारी ती अतिवृष्टी. 60 मिलीमीटर झाला, तर नाही. हा पाऊस मोजायचं यंत्र मंडळात एका जागी असतं आणि त्याच्या आकड्यावर आजूबाजूच्या कितीतरी गावांचा हिशोब लागतो. इकडं पाऊस आता असा झालाय की ओढ्याच्या अलीकडं धो-धो आणि पलीकडं धुरळाही बसत नाही. यंत्र ओढ्याच्या कोणत्या बाजूला आहे, यावर मग पंचनामा सहज होणार की तहसीलचे उंबरे झिजवावे लागणार, हे ठरतं.

यंत्राची जागा कुणी ठरवली? 65 हाच आकडा का? कुणीतरी कुठंतरी बसून हे ठरवलं आणि ज्याचं सोयाबीन पाण्यात कुजतं तो माणूस त्या बैठकीत नव्हता. हवामान बदलाचं धोरण म्हटलं की आपल्याला परदेशातल्या परिषदा आणि कार्बनचे तक्ते आठवतात. आपल्या बांधापर्यंत मात्र ते असल्याच बारीक-सारीक निर्णयांतून येतं. दुष्काळ कधी जाहीर करायचा, टँकर कुठं लावायचा, धरणातलं पाणी कुणासाठी सोडायचं, विम्याचं नुकसान कसं मोजायचं, सौर पॅनल कुणाच्या जमिनीवर उभे करायचे. अशा निर्णयांत सामान्य माणसाला कधी आणि कसं सामील करून घ्यायचं, याचे बरेच प्रयोग जगात झालेत. आपल्याकडंही त्यासाठी कायदे आहेत, समित्या आहेत. त्यांचा उपयोग कसा होतो आणि कुठं अडतं, हे इथं सोपं करून सांगतो.

या धोरणाला दोन अंगं असतात. कोळसा, डिझेल कमी जाळून हवेत जाणारा कार्बन घटवायचा, हे एक. जो बदल होऊन बसलाय त्यात तगून राहायची तयारी करायची, हे दुसरं. भारतानं 2008 साली राष्ट्रीय कृती आराखडा केला, महाराष्ट्रानं 2014 साली राज्याचा. 2070 पर्यंत देशाचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू, असं भारतानं 2021 मध्ये ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केलं. मराठवाड्यात ही दोन्ही अंगं एकमेकांत गुंतलेली आहेत. परळीचं औष्णिक वीज केंद्र कोळशावर चालतं आणि तेच केंद्र 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच मराठवाड्यात धाराशिव, बीडकडच्या जमिनी मातीसकट खरडून गेल्या. जो आराखडा फक्त दुष्काळाचा किंवा फक्त पुराचा विचार करतो, तो इथं कामाचा नाही. आणि दोन्हीचा विचार करायचा तर कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरतं आणि कोणती विहीर आधी आटते, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं लागतातच.

पाच एकर ऊस आणि दोन हजार माणसं

सामान्य माणसाला विचारायचं कशाला, हा प्रश्न पुष्कळ अधिकारी मनातून विचारतात. तज्ज्ञ आहेत, उपग्रह आहेत, आकडे आहेत. गावकऱ्यांना यातलं काय कळणार? याचं उत्तर एका गावाच्या हिशोबातून देतो. गाव कल्पनेतलं आहे, पण आकडेमोड कुठल्याही गावाला लावून बघता येईल.

एक हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी पडलं. वर्षाला 700 मिलीमीटर पाऊस धरा. एका हेक्टरवर 70 लाख लिटर. गावाचं शिवार 1000 हेक्टरचं असेल, तर वर्षाला 700 कोटी लिटर पाणी आभाळातून येतं. आता पिण्याचं बघू. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर. दोन हजार वस्तीच्या गावाला वर्षाला सुमारे 4 कोटी लिटर लागतं. म्हणजे पडलेल्या पावसाच्या एक टक्क्याहूनही कमी. पावसातलं पुष्कळ पाणी वाफ होऊन जातं, काही ओढ्यानं वाहून जातं, आणि आपल्या काळ्या पाषाणात थोडंच मुरतं. तरीही पिण्यापुरतं पाणी कमी पडावं, असं हा हिशोब सांगत नाही.

आता ऊस. पाटानं पाणी दिलेल्या उसाला, पाऊस धरून, हेक्टरी दोन कोटी लिटरच्या पुढंच पाणी लागतं. म्हणजे दोन हेक्टर, आपल्या भाषेत पाच एकर ऊस, वर्षाला जेवढं पाणी पितो तेवढ्यात दोन हजार माणसांची तहान वर्षभर भागते.

शास्त्रज्ञाचं काम इथं संपतं. पाच एकर ऊस ठेवायचा की नको, हे तो सांगू शकत नाही, कारण हा प्रश्न गणिताचा उरलेला नाही. ज्याच्या शेतात ऊस आहे त्याच्यावर कर्ज आहे, पोरीचं लग्न आहे, कारखान्याचे शेअर आहेत. सोयाबीनला भाव मिळत नाही आणि उसाला निदान ठरलेला दर आहे, हे त्याचं म्हणणं खरं आहे. त्याच्या बोअरमुळं शेजारच्या वस्तीचा हातपंप फेब्रुवारीतच कोरडा पडतो, हेही खरं आहे. दोन खऱ्या गोष्टींमध्ये कोणती पुढं ठेवायची, हे ज्यांना त्याचे परिणाम भोगायचे आहेत त्यांनीच एकमेकांसमोर बसून ठरवायचं असतं. दुष्काळी मराठवाड्यात उसावर बंदी घालावी, अशी शिफारस 2019 मध्ये विभागीय आयुक्तालयाच्या अहवालातून झाली होती. मुद्दा बिनतोड होता. पण ऊस उत्पादक, ऊस तोडणारे, कारखान्यातले कामगार आणि टँकरच्या रांगेतल्या बाया यांना एकत्र बसवून तो कुणी मांडला नाही. शिफारस कागदावर राहिली आणि ऊस शेतात.

न विचारता केलेल्या नियमाचं काय होतं, याचा दुसरा दाखला भूजलाचा. महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा. तो 2014 पासून लागू आहे. त्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण 200 फुटांपेक्षा, खोल विहीर किंवा बोअर शेती-उद्योगासाठी घ्यायला मनाई आहे. आपल्या तालुक्यात 200 फुटांवर थांबलेली बोअरची गाडी कुणी पाहिलीय? आठशे फूट, हजार फूट हे आकडे चहाच्या टपरीवर उघड बोलले जातात. नियम चुकीचा आहे, असं मी म्हणत नाही. पाणी वाचवायचं तर असा नियम लागेलच. पण ज्या गावानं हिशोब स्वतः मांडला नाही आणि बंधन स्वतः घालून घेतलं नाही, तिथं हा नियम पाळायला लावेल एवढी माणसं कुठल्याच सरकारकडं नाहीत.

शेततळ्यांचंही तसंच. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायला शेततळं, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी प्लास्टिक अंथरून बोअरनं उपसलेलं पाणी त्यात साठवलं जातं आणि उन्हात ते वाफ होऊन जातं. हे होणार, हे शेजारच्या शेतकऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

विचारणं आणि विचारणं यात फरक आहे

राज्यात 2020 पासून 'माझी वसुंधरा' अभियान सुरू आहे. गावं, शहरं त्यात उतरतात, झाडं लावली जातात, नागरिक पर्यावरणाची ई-शपथ घेतात. चांगलं आहे. पण शपथ घेणं म्हणजे निर्णयात भाग घेणं नव्हे. लोकसहभागाच्या नावाखाली आपल्याकडं मुख्यतः दोन गोष्टी होतात: लोकांना काय करायचं ते सांगणं आणि लोकांकडून श्रमदान घेणं. खड्डा खणायला गाव लागतं. खड्डा कुठं खणायचा, हे ठरवताना मात्र गाव लागत नाही.

त्याच्या वरची पायरी म्हणजे हरकती आणि सूचना मागवणं. केंद्र सरकारचं 2014 पासून धोरण आहे की कायद्याचा मसुदा निदान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा. भूजल कायद्याच्या नियमांचा मसुदाही 2018 मध्ये असाच हरकतींसाठी खुला झाला होता. पण राजपत्रातला मसुदा वाचून टपालानं हरकत पाठवणारा माणूस हजारात एखादा. मार्च 2020 मध्ये पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीचे नवे नियम मसुद्यात आले, ते फक्त इंग्रजी आणि हिंदीत. ते देशातल्या इतर भाषांतही द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मराठी माणसाला मराठीत न दाखवता त्याची हरकत मागवली, तर तिला विचारणं कसं म्हणायचं?

तिसरी गोष्ट जनसुनावणी. 2006 च्या अधिसूचनेनुसार खाण, मोठा कारखाना, सिमेंट, धरण अशा कितीतरी प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, 30 दिवस आधी नोटीस काढावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत ठेवावा लागतो. ही ताकदीची तरतूद आहे आणि लोकांनी ती ठिकठिकाणी वापरलीही आहे. तिची अडचण वेळेची आहे. जागा ठरलेली, पैसा उभा राहिलेला, आराखडा छापलेला, आणि मग मंडप घालून गावाला विचारायचं. पंगत बसल्यावर स्वयंपाकाला काय करायचं, हे विचारल्यासारखं ते होतं.

म्हणून सहभाग खरा आहे की नावापुरता, हे ओळखायला मी दोनच प्रश्न विचारतो. विचारलं तेव्हा 'नको' किंवा 'असं नको, तसं करा' म्हणायला जागा उरली होती का? आणि लोक जे बोलले त्यातलं काय घेतलं, काय सोडलं, का सोडलं, याचं लेखी उत्तर परत आलं का?

चिठ्ठ्या टाकून निवडलेली सभा

गेल्या काही वर्षांत युरोपात एक पद्धत पुढं आली आहे, नागरिकसभेची. निवडणूक नाही, अर्ज नाही. चिठ्ठ्या टाकून माणसं निवडायची. फ्रान्समध्ये 2019 च्या ऑक्टोबरात अशी 150 माणसं निवडली गेली. संगणकानं दूरध्वनी क्रमांक काढले आणि होकार देणाऱ्यांतून वय, शिक्षण, बाई-पुरुष, शहर-खेडं यांचं प्रमाण देशासारखंच राहील अशी निवड झाली. शनिवार-रविवार धरून काही महिने ही मंडळी भरत होती. येण्याजाण्याचा खर्च आणि भत्ता मिळत होता. शास्त्रज्ञ, उद्योगवाले, शेतकरी संघटना त्यांच्यासमोर येऊन माहिती देत आणि ही सामान्य माणसं त्यांना उलटतपासणीसारखे प्रश्न विचारत. जून 2020 मध्ये त्यांनी 149 प्रस्ताव दिले.

पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. राष्ट्राध्यक्षांनी सुरुवातीला शब्द दिला होता की प्रस्ताव गाळणी न लावता पुढं पाठवू. 2021 च्या कायद्यात त्यातले पुष्कळ पातळ झाले. जिथं रेल्वेनं चार तासांत पोचता येतं तिथली देशांतर्गत विमानं बंद करा, असं सभेनं म्हटलं होतं. कायद्यात ती मर्यादा अडीच तास झाली. तिथले लोक चिडले आणि ते रास्तच होतं. आयर्लंडमध्ये 99 नागरिकांच्या सभेनं 2017 मध्ये हवामानाचा विषय घेतला. जास्त कार्बन सोडणाऱ्या गोष्टींवर जास्त कर भरायची आपली तयारी आहे, असं त्यातल्या 80 टक्के लोकांनी सांगितलं. तिथल्या पुढाऱ्यांची जे बोलायची छाती होत नव्हती, ते माहिती आणि वेळ मिळाल्यावर सामान्य माणसांनी मत देऊन सांगितलं.

हे युरोपचं झालं, आपल्याकडं कसं जमेल? जमलेलं आहे, तेही आपल्या शेजारी. आताच्या तेलंगणातला मेदक जिल्हा, निजामाच्या काळात आपल्याबरोबर एकाच हैदराबाद संस्थानात होता. तिथंही ज्वारी, तूर आणि पावसावरची शेती. आंध्र सरकारनं त्या वेळी 'व्हिजन 2020' नावाचा आराखडा आणला होता: यांत्रिक शेती, जनुक बदललेली बियाणी, आणि शेतीवर जगणाऱ्या माणसांचं प्रमाण 70 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर. 2001 च्या जूनमध्ये मेदकमधल्या अल्गोल गावात 'प्रजातीर्पू' भरलं, म्हणजे लोकांचा निवाडा. पंच होते छोटे शेतकरी आणि शेतमजूर. त्यात बाया जास्त, दलित-आदिवासी घरच्या. सरकारी अधिकारी, शास्त्रज्ञ, कंपनीचे लोक साक्षीदार म्हणून आले. या बायांनी त्यांना विचारलं, शेतीतून काढलेली माणसं जाणार कुठं? त्यांनी तो आराखडा नाकारला आणि त्याच्या जागी काय हवं तेही सांगितलं: अन्न पिकवण्यात स्वावलंबन, बियाण्यावर आणि जमिनीवर गावाचा ताबा. निवाडा सल्ल्यापुरता होता, सरकारवर बंधनकारक नव्हता. पण अक्षरओळख नसलेली बाई राज्याच्या धोरणाची चिरफाड करू शकते का, हा वाद माझ्यापुरता अल्गोलनं मिटवला.

चिठ्ठीचं तर आपल्याला नवल वाटायलाच नको. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत आपण बघतोच: बरणीत चिठ्ठ्या, शाळेतल्या पोराचा हात, सगळ्यांच्या डोळ्यादेखत. त्याच पद्धतीनं गावातल्या प्रत्येक वस्तीतून, प्रत्येक थरातून पंधरा-वीस माणसं काढून त्यांच्याकडं पाण्याचा आराखडा तपासायला दिला तर कुणाला हरकत असावी? जायकवाडीच्या पाण्यावरून दर टंचाईच्या वर्षी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा सामना होतो. 2005 च्या जलसंपत्ती कायद्यातलं समन्यायी वाटपाचं तत्त्व आहे, नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडायचं सूत्र आहे, न्यायालयाचे निकाल आहेत. गोदावरीच्या वरच्या आणि खालच्या अंगाची सामान्य माणसं, निफाडचा द्राक्षवाला आणि पैठणचा कापूसवाला, चिठ्ठीनं निवडून एका टेबलाभोवती मात्र कधी बसवली गेली नाहीत. मला हे करून बघण्यासारखं वाटतं.

किल्लारीचा धडा आपल्या घरातला आहे

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात दोन वेगळ्या तऱ्हांनी घरं उभी राहिली. पार जमीनदोस्त झालेली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, एकसारखी घरं. गुरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, भावकीचा शेजार तुटला त्याचं काय, हे प्रश्न राहायला गेल्यावर पुढं आले. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं जागेवरच दुरुस्त करायची होती. तिथं पैसा घरमालकाच्या हाती दिला गेला आणि गावोगावी महिलांमधून 'संवाद सहाय्यक' नेमल्या गेल्या. लोकांना तांत्रिक माहिती समजावणं, कामावर लक्ष ठेवणं, अडलेलं गाऱ्हाणं अभियंत्यापर्यंत पोचवणं हे त्यांचं काम. या कामात उतरलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' संस्थेनं पुढं मराठवाड्यात बायकांच्या शेतीवर काम केलं. घरच्या जमिनीतला थोडा तुकडा बाईच्या निर्णयावर सोडायचा, त्यात कमी पाण्याची धान्यं, डाळी, भाजीपाला मिसळून घ्यायचा. संस्थेला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. एका एकरात काय पेरायचं हे बाईनं ठरवणं, हाही हवामान धोरणातला सहभागच आहे, आणि माझ्या मते फार मोठा.

सरकारी योजनांतही जागा आहेत. 'पोकरा', म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, 2018 पासून जागतिक बँकेच्या मदतीनं आला तो मुळात हवामान बदलासाठीच. पहिल्या टप्प्यात 15 जिल्ह्यांतली 5142 गावं होती, मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात. प्रत्येक गावात ग्राम कृषी संजीवनी समिती, गावाचा आराखडा, पाण्याचा ताळेबंद, असं त्याचं स्वरूप. अटल भूजल योजना 2019 ची. तिच्यात जालना, लातूर, धाराशिव आले, आणि तिथंही गावानं स्वतःचा पाणी आराखडा करायचा होता. कागदावर दोन्ही रचना चांगल्या आहेत. कमी कुठं पडतं? शेडनेट, ठिबक, फळबाग यांचा लाभ घ्यायचा तर पैसा आधी स्वतःचा घालायचा आणि अनुदान मागून यायचं. ज्याच्याकडं आधी घालायला पैसाच नाही, तो आराखड्याच्या बैठकीला तरी कशाला येईल? समितीत नाव असणं आणि निर्णयाचा फायदा पोचणं, यातलं अंतर गरीब माणूस फार लवकर ओळखतो.

गायरानावरचे पॅनल

सौर वीज हवी, दिवसा शेतीला वीज हवी, याबद्दल दुमत नाही. रात्री साप-विंचवात पाणी धरायला गेलेल्यांनाच दिवसाच्या विजेचं मोल कळतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात त्यासाठी गावोगावच्या सरकारी जमिनी घेतल्या जातात आणि ग्रामपंचायतीला वर्षाला 5 लाख याप्रमाणे तीन वर्षं निधी मिळतो. या जमिनींत गायरान असतं.

आणि मराठवाड्यातलं गायरान म्हणजे मोकळी पडीक जमीन नव्हे. पिढ्यान् पिढ्या भूमिहीन, मुख्यतः दलित कुटुंबं ती कसत आली आहेत. 14 एप्रिल 1990 पर्यंतचं असं कसणं नियमित करायचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला, तरी कितीजणांच्या नावावर सातबारा झाला नाही. ज्यांच्या शेळ्या तिथं चरतात त्यांच्याकडं तर कागद असायचा प्रश्नच नाही. आता तिथं कुंपण पडलं, तर हवामानासाठी चांगला असलेला निर्णय ज्यांनी हवामान सगळ्यात कमी बिघडवलं त्यांच्याच पोटावर येतो. सौर प्रकल्पाला पर्यावरणीय मंजुरी लागत नाही, म्हणून त्या कायद्याखालची जनसुनावणीही नाही. उरते फक्त ग्रामसभा.

सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2024 मध्ये, माळढोक पक्षी आणि विजेच्या तारांच्या प्रकरणात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा संविधानाच्या कलम 14 आणि 21 मधून येणारा हक्क आहे, असं म्हटलं. कलम 14 समानतेचं. गायरानाच्या वादात मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

ग्रामसभेत कोण नसतं

आपल्या कायद्यात ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी तेवढी गणपूर्ती लागते. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग गणपूर्तीची अट राहत नाही. ही पळवाट गावोगाव माहीत आहे. दवंडी नाही, नोटीस फळ्याच्या कोपऱ्यात, पहिली सभा तहकूब, दुसऱ्या वेळी दहा माणसांत ठराव. त्या ठरावात सौर प्रकल्पाची जागा असू शकते, विहिरींची यादी असू शकते. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची, असंही कायद्यात आहे. ती कितीदा झाली, हे ग्रामपंचायतीचं इतिवृत्त मागून पाहावं; माहिती अधिकारात ते मिळतं.

पण हजेरीचं सगळ्यात मोठं भोक वेगळंच आहे. बीड, धाराशिव, जालन्याकडची कितीतरी कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अख्ख्या वस्त्या रिकाम्या होतात, म्हातारी आणि लेकरं मागं राहतात. ते परततात गुढीपाडव्याच्या पुढं-मागं. आता वेळापत्रक लावून बघा. 'आमचं गाव, आमचा विकास' या पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम 2 ऑक्टोबरच्या सभेपासून सुरू होतं आणि हिवाळ्यात आकार घेतं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ऊसतोड कामगार फडात असतो. म्हणजे दुष्काळानं ज्याला गाव सोडायला लावलं, त्याच्याच गैरहजेरीत दुष्काळाचा आराखडा ठरतो. यामागं कुणाचा डाव असायची गरज नाही. तारखा ठरवताना त्याची आठवण कुणाला राहिली नाही, एवढंही पुरतं.

यावर गावाच्या हातात उपाय आहेत. पाण्याचा ताळेबंद सप्टेंबरअखेर पाऊस मोजून मांडावा. त्याचा तक्ता पारावर, मराठीत, लिटरमध्ये, मोठ्या अक्षरांत लावावा. 'दलघमी' (दशलक्ष घनमीटर) हे माप कुणालाच आपलं वाटत नाही. पाण्याचा विषय 2 ऑक्टोबरच्या सभेत पहिला घ्यावा, तोही संध्याकाळी, म्हणजे मजुरी बुडत नाही. त्याआधी महिलासभा, आणि तिचे ठराव ग्रामसभेत वाचून दाखवायचे. ऊसतोडीला गेलेल्या वस्तीतून आधीच दोन माणसं नेमून घ्यावीत, ज्यांना आराखड्यातला बदल फोनवर विचारल्याशिवाय नोंदवायचा नाही. आणि पाडव्यानंतर एक सभा फक्त त्यांच्यासाठी, झालेल्या कामांचा हिशोब द्यायला.

ठराव लिहिताना शब्द ढिले ठेवू नयेत. 'पाण्याचा काटकसरीनं वापर करावा' या ठरावानं काही होत नाही. असा लिहिता येईल: "यंदाच्या पावसाचा ताळेबंद वाचून दाखवला. पिण्याच्या विहिरीभोवतीच्या बोअरची यादी सोबत जोडली आहे. फेब्रुवारीपासून या बोअरवरून बारमाही पिकाला पाणी द्यायचं नाही, असं बोअरधारकांसह सभेनं ठरवलं. ज्यांचं पीक यामुळं घटेल त्यांना गावाच्या आराखड्यातून ठिबक आणि इतर योजनांत पहिला क्रमांक राहील. गायरानावरच्या कोणत्याही प्रकल्पाचा प्रस्ताव, तिथं कसणाऱ्या आणि चारणाऱ्या कुटुंबांची नावं वाचून त्यांचं म्हणणं नोंदवल्याशिवाय सभेपुढं घेतला जाणार नाही. मंडळाचं पर्जन्यमापक आपल्या शिवारातला पाऊस दाखवत नाही, म्हणून गावात स्वतंत्र यंत्र बसवावं अशी मागणी तहसीलदारांकडं पाठवावी आणि त्यांचं लेखी उत्तर पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावं."